एकशे अठराव्या ओळीतल्या चौकटी

धाराशिव
१२ ऑगस्ट २०२४

जावक क्र. १
प्रति : चि. शिवांजली, मुक्काम पुणे
विषय : तू करून दिलेल्या प्रोग्रॅममधला तक्ता डोळ्यांना सहन न होणेबाबत

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहून शाई घालवत नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणून हसू नकोस. फोनवर बोललेलं तू पुढच्या फोनमध्ये नाकारतेस, आणि ई-मेल मी उघडत नाही. एकतीस वर्षं कचेरीत कारकुनी केली. कागदावर आलं तेच घडलं, बाकी सगळ्या गप्पा. निवृत्तीनंतर हे वधूवर सूचक केंद्र काढलं तेही त्याच शिस्तीवर. तुझ्या वडिलांना, माझ्या दादाला, ती शिस्त ठाऊक होती. तुझ्यापर्यंत ती पोचलेली दिसत नाही.

आता तुझे दिवे. तक्ता उघडला. जन्मतारखेच्या चौकटीत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि त्यापुढं शून्यांची रांग, म्हणजे मुलगी कुठल्या सेकंदाला जन्मली तेही लोकांना कळावं. उंची सेंटिमीटरमध्ये. 'मुलगी एकशे अठ्ठावन्न आहे' असं या जिल्ह्यात कुणी म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. शिक्षणाच्या चौकटीत 'बी.ए., डी.' आणि पुढं तीन टिंबं. ती डी.एड. आहे की डी.फार्म. हे कळायला चौकट माउसनं ओढून रुंद करावी लागते. आणि मंगळाच्या रकान्यात इंग्रजीतून 'ट्रू'. वाशीहून आलेले एक गृहस्थ ते बघून दबक्या आवाजात मला म्हणाले, "सायेब, पोरीला हे काय झालंय म्हनायचं?"

तारीख माणसासारखी दिसावी. उंची फूट-इंचात. मंगळ 'आहे', 'नाही' किंवा 'सौम्य'. शिक्षण दोन ओळींत मावावं. शिवाय तीस ओलांडलेल्या मुलींच्या वयाची चौकट लाल दिसावी, आणि घटस्फोटित व विधवा यांची अख्खी ओळ राखाडी. म्हणजे येणाऱ्याचा वेळ वाचतो आणि मलाही तोंडानं सांगावं लागत नाही.

असल्या कामासाठी तुला पुण्यात पगार देतात म्हणे. त्या कंपनीची मला काळजी वाटते.

वसंतराव


पुणे
२५ ऑगस्ट २०२४

वसंतकाका, नमस्कार.

तुमचा जावक क्रमांक पोचला. त्याला जोडलेलं पत्रही वाचलं.

तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगते. तक्त्यात दोन गोष्टी असतात. एक, आत साठवलेली माहिती. दुसरी, ती माहिती चौकटीत कशी रंगवून दाखवायची याचा नियम. आत सेंटिमीटर असले तरी बाहेर फूट-इंच दाखवता येतात. आतलं 'ट्रू' बाहेर 'आहे' असं दिसू शकतं. आतलं आत जसंच्या तसं राहतं. हे सगळं मी पहिल्याच खेपेला करणार होते, पण 'लवकर दे, रंगरंगोटी नको' असं तुम्हीच म्हणाला होतात. अर्थात ते तोंडी म्हणालात, म्हणजे तुमच्या हिशेबानं ते घडलेलंच नाही.

लाल रंगाबद्दल. मी एकतीस वर्षांची आहे, म्हणजे तुमच्या पडद्यावर मी धोक्याची खूण. छत्तीस वर्षांचा, टक्कल पडलेला, आईला विचारून चहा पिणारा मुलगा मात्र पांढराशुभ्र. मी तोच नियम मुलांनाही लावून टाकलाय. काढायचा असेल तर लेखी मागणी करा.

राखाडी ओळीही केल्यात. त्या बायकांची बाजू घेऊन भांडायला मला वेळ नाही. लग्न एकदा करून बघितल्यावर ज्या पुन्हा तुमच्या दारात नाव नोंदवायला येतात, त्यांची अक्कल बेताचीच असणार.

पाकिटात पेनड्राईव्ह आहे. आधीची फाईल पुसू नका.

शिवांजली


धाराशिव
१० सप्टेंबर २०२४

जावक क्र. २
प्रति : चि. शिवांजली
संदर्भ : तुझं २५ ऑगस्टचं उद्धट पत्र
विषय : चाळीस कुमारिका विधवा होणेबाबत

काल कळंबचे एक वकील सपत्नीक आले. मी तक्ता उघडला. तारखा, उंची, मंगळ, सगळं ठीक दिसत होतं. तुझ्या हातून ते झालं याचं मला आश्चर्य वाटलं. चौदाव्या ओळीत एक बत्तीस वर्षांची मुलगी, तिचं वय लाल. बरोबर. तक्ता खाली सरकवला तर पंधरावीही लाल, सोळावीही लाल, बावीस वर्षांची पोर तीही लाल. वकिलीणबाई चष्मा पुसून पुन्हा बघायला लागल्या. "आवं, ह्या समद्याच तिशीच्या म्होरं गेलेल्या व्हय? मग आमच्या पोराला दाखवता कुठली?"

आणखी खाली एक विधवा होती. तिच्याखालच्या एकूण एक मुली राखाडी. यमाला जे काम करायला वर्ष लागतं ते तू अर्ध्या मिनिटात केलंस. वकील उठले, "बघू परत कधीतरी" म्हणाले आणि गेले. ते परत येत नसतात.

दुसरी बाब गोपनीय आहे. नोंदणी क्रमांक ११८. विधवा, पन्नाशी ओलांडलेली, प्रतिष्ठित घरातली. गेल्या वर्षी स्वतः येऊन फॉर्म भरून गेली, तोही समोर चार माणसं बसलेली असताना, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही. लेकरू मिळवतं झालेलं, राहायला स्वतःचं घर, पेन्शन सुरू, आणि या वयात ही हौस. 'अपेक्षा' या रकान्यात तिनं काय लिहावं? 'निवृत्त चालेल. सकाळी बोलणारा माणूस पाहिजे.' वाचून मलाच घाम फुटला.

नोंद काढून टाक असं तू सुचवशील. ते होत नाही. नोंदवहीत एकशे सतरानंतर एकदम एकशे एकोणीस आला तर ती नोंदवही राहत नाही, रद्दी होते. एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही क्रमांक गळलेला नाही. तेव्हा क्रमांक राहिला पाहिजे आणि बाई दिसता कामा नये. ११८ च्या ओळीत क्रमांक सोडून बाकी सगळ्या चौकटी कोऱ्या दिसतील अशी व्यवस्था कर. कोण, कुठली, हे विचारू नकोस. एका घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे.

वसंतराव


पुणे
२० सप्टेंबर २०२४

वसंतकाका,

रंगाची चूक माझी. प्रत्येक चौकटीसाठी वेगळा रंगारी नसतो. एकच शिक्का असतो, तो एकेका चौकटीवर टेकवत खाली जातो. एकदा लाल शाई लावली आणि पुढच्या चौकटीआधी पुसायची राहिली की खालचं सगळं लाल. मी 'तिशीपुढं लाल' एवढं लिहिलं, 'नाहीतर पांढरा' लिहायचं राहिलं. शिकाऊ पोरं करतात तशी चूक. ती तुमच्यासमोर झाली याचं मला जास्त वाईट वाटतं.

तुमच्या गोपनीय बाबीसाठी 'कोरं दाखवा' नावाची एक यादी केली आहे. तीत क्रमांक टाकला की त्या ओळीतल्या चौकटी कोऱ्या दिसतील. पण हे नीट वाचा, हवं तर दोनदा वाचा. ती ओळ फक्त पडद्यावर कोरी असेल. आत बाई आहे तशीच आहे. फाईल काढली, छापली, कुणाला पाठवली, तर ती नावागावासकट बाहेर पडेल. रंगवण्याचा नियम पडद्यापुरता असतो.

कोण, कुठली, हे मला नकोच आहे. या जिल्ह्यातली प्रतिष्ठित घराणी मला पाठ आहेत. दारात पाटी आणि घरात शुकशुकाट. पण एकशे अठरा नंबरला माझा निरोप द्या. सकाळी बोलणारं कुणी हवं असेल तर रेडिओ घ्या म्हणावं. त्याचे कपडे धुवावे लागत नाहीत आणि त्याला गुडघेदुखी नसते. मी आणि माझी मैत्रीण दोन दिवस यावरच हसतोय. ऑफिसात सकाळी कुणी घुम्यासारखं बसलं की आता आम्ही त्याला 'एकशे अठरा' म्हणतो.

शिवांजली


धाराशिव
५ ऑक्टोबर २०२४

जावक क्र. ३
प्रति : चि. शिवांजली
विषय : पोच व पुढील सूचना

पेनड्राईव्ह बसवला. लाल तिथं लाल, राखाडी तिथं राखाडी. मुलांचा लाल रंग काढण्याची ही लेखी मागणी समज. दोन मुलांचे बाप रागावून गेले.

११८ क्रमांक यादीत टाकला. ओळ स्वच्छ झाली. तुझा तो इशारा वाचला आणि हसलो. कचेरीत चुकीच्या नोंदीवर कोरी चिठ्ठी डकवतात, वर सही करतात, आणि त्या क्षणी खालची नोंद संपते. पुढं दहा साहेब बदलले तरी चिठ्ठी उचकटून कुणी बघत नाही. 'आत आहे तशीच आहे' हे पोरकट बोलणं आहे. दिसत नाही ते नसतं. तुला नोंदी कशाला म्हणतात ते अजून कळायचंय.

ती ११८ नंबरची बाई मात्र चिवट आहे. दर महिन्याला येते. खुर्चीत बसते, पाणी पिते, "काही आलं का?" एवढंच विचारते. मी "अजून नाही" म्हणतो. ती "बरं" म्हणून उठते. मी एकालाही तिची माहिती दाखवलेली नाही, तर येणार कुठून? आणखी चार-सहा महिन्यांत कंटाळेल.

८ डिसेंबरला मेळावा ठेवला आहे. तेव्हा सर्व स्थळांची परिचय पुस्तिका छापायची आहे. त्यासाठी एक बटण करून ठेव. मला प्रेसच्या पोरांकडून टायपिंग करून घ्यायचं नाही, ते वेलांट्या खातात.

जाता जाता : वनमालावहिनी परवा इकडं येऊन गेल्या. तब्येत ठीक आहे. दिवाळीला भूमला जाणार असशील तर त्यांना आधी कळव.

वसंतराव


पुणे
१९ ऑक्टोबर २०२४

वसंतकाका,

'छपाईसाठी फाईल' असं बटण केलं आहे. छापण्याआधी फाईल उघडून वाचा. वाचा म्हणजे वाचा, पडद्यावरचा तक्ता बघून मान डोलवू नका.

चिठ्ठी डकवण्याबद्दल काय बोलणार? तुमची कचेरी इतकी वर्षं त्या चिठ्ठ्यांवर चालली, म्हणूनच लोक अजून खेटे घालतायत.

दिवाळीला येत नाही. मैत्रिणींबरोबर केरळला जायचं ठरलंय. आईला फोन करीनच. तशी हल्ली ती फोनवर काही बोलतही नाही. मेथीची जुडी केवढ्याला झाली ते सांगते आणि गप्प बसते. वय झालं की माणसं अशीच होत असतील.

शिवांजली


धाराशिव
१० डिसेंबर २०२४

जावक क्र. ४
प्रति : शिवांजली
विषय : आपल्या घराण्याची अब्रू छापून वाटली जाणेबाबत

सोबत परिचय पुस्तिकेचं पान एकतीस जोडलं आहे. वरून चौथी नोंद मोठ्यानं वाच, म्हणजे तुझ्या त्या मैत्रिणीलाही ऐकू जाईल. तुला वाचवत नसेल तर मी उतरवून देतो.

'क्र. ११८. श्रीमती वनमाला दिगंबर पाटोदेकर. वय ५६. विधवा. मुक्काम भूम. शिक्षण बारावी. अपत्य : एक मुलगी, पुण्यात नोकरी. अपेक्षा : निवृत्त चालेल. सकाळी बोलणारा माणूस पाहिजे.' खाली फोन नंबर.

सहाशे प्रती. रविवारी मंगल कार्यालयाच्या स्टेजवर मी फेटा बांधून बसलो होतो. भूमचा एक ओळखीचा माणूस पुस्तिकेत बोट घालून वर आला आणि माईकशेजारी उभं राहून म्हणाला, "वसंतराव, ह्या तुमच्या वहिनीच न्हवं का?" माईक चालू होता.

पडद्यावर मी तीन वेळा तपासलं होतं. ओळ कोरी होती. मग तुझ्याच बटणावर बोट ठेवलं आणि फाईल प्रेसला दिली. जे पडद्यावर नाही ते कागदावर आलं कुठून? आता मला सगळा उलगडा होतो आहे. तुम्हा मायलेकींचं आधीच ठरलं होतं. तिनं फॉर्म भरायचा, तू बटण करायचं, आणि मधे मला उभा करून दादाच्या नावाचे धिंडवडे काढायचे. मी दादासाठी ही गोष्ट चौदा महिने पोटात ठेवली. तुझ्याशी पत्रात हसलो, पण नाव उच्चारलं नाही. त्याचं हे फळ.

या घराशी तुझा संबंध तुझ्या आईपुरता. माझ्याशी राहिलेला नाही.

वसंतराव


पुणे
१४ डिसेंबर २०२४

वसंतकाका,

पान एकतीस मिळालं. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं. त्या दिवशी पुन्हा वर कामाला गेले नाही.

आमचं काहीही ठरलेलं नव्हतं. ठरवण्याइतकं आम्ही बोलत असतो तर ती तुमच्या दारात आलीच नसती. दोनदा लिहून सांगितलं होतं की आत माहिती तशीच राहते, आणि फाईल छापण्याआधी वाचा. तुम्ही वाचली नाहीत, कारण वाचणं हे खालच्या माणसांचं काम, तुमचं काम शिक्का मारणं. माझ्या नावावर बिल फाडू नका.

चौदा महिने तुम्ही तिला पाणी पाजून परत पाठवत होतात. ती भूमहून एस.टी.नं यायची, तुमच्या खुर्चीत बसायची, आणि तुम्ही 'अजून नाही' म्हणायचात. याला अब्रू सांभाळणं म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं. दादासाठी केलं म्हणता. बाबा असते तर त्यांनी तुम्हाला उंबरा चढू दिला नसता.

माझं काय, ते मी तिच्याशी बघेन. फोन केला होता. ती म्हणाली, "गॅसवर दूध आहे, नंतर बोलते." नंतर बोलली नाही.

एकच मागणं आहे. माझी २५ ऑगस्टची आणि २० सप्टेंबरची पत्रं फाडून टाका. ती तिच्या नजरेला पडता कामा नयेत. त्याबदल्यात तुमचं लाल-राखाडी जे काही असेल ते मी जन्मभर करून देईन.

शिवांजली


धाराशिव
२१ डिसेंबर २०२४

जावक क्र. ५
प्रति : शिवांजली
संदर्भ : तुझी १४ डिसेंबरची मागणी

फाईलमधला कागद फाडला जात नाही. तुझी पत्रं तारखेप्रमाणं लावलेली आहेत, माझ्या पत्रांच्या प्रतींसकट.

वनमालावहिनी परवा येऊन सगळी वाचून गेल्या.

वसंतराव


भूम
२४ फेब्रुवारी २०२५

शिवांजली आणि वसंतभाऊजी,

दोघांना मिळून एकच पत्र लिहिते. मूळ कागद शिवांजलीला, झेरॉक्स भाऊजींना. दोन वेगळी पत्रं लिहावीत इतका फरक मला तुम्हा दोघांत दिसला नाही.

भाऊजी, फाईल मी तुमच्या टेबलावर, तुमच्यासमोर वाचली. अर्जदारानं मागितली की फाईल दाखवायची असते म्हणालात आणि माझ्यापुढं सरकवलीत. मी वाचत असताना तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होता. सुरुवातीला मला लाज वाटली. वाटलं, खरंच काय लिहून बसलो आपण, माणसं दोन-दोन दिवस हसली. एस.टी.त बसल्यावर येरमाळ्यापर्यंत तीच लाज होती. पुढं ती गेली, आणि तुम्ही दोघं मला फार लहान वाटायला लागलात. तेव्हापासून बरं वाटतंय.

शिवांजली, तू संक्रांतीला आलीस, दोन तास बसलीस आणि "मला आधी सांगायचं होतंस" असं चार वेळा म्हणालीस. सांगणार कुठं होते मी? दर रविवारी तुझा फोन येतो, पाच मिनिटं. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, बरं ठेवते. मेथीचा भाव सांगते कारण त्यावर तू "हो का" म्हणतेस. दुसरं काही सांगितलं तर तू "बघू" म्हणतेस.

रेडिओ माझ्याकडं आहे. तुझ्या वडिलांचाच आहे, सहाला लावते. तो बोलतो, पण मधे मी काही बोलले तर थांबत नाही.

ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. जिवंत होते तेव्हाही सकाळी पेपर तोंडापुढं धरूनच चहा घ्यायचे. मोठा माणूस, हेडमास्तर, गावात मान. पण सत्तावीस वर्षं मी त्या पेपरच्या मागच्या पानावरच्या जाहिराती वाचल्या. म्हणून मी ते लिहिलं, सकाळी बोलणारा. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. अक्कल बेताची असेल, असं तू लिहिलंयस. भाऊजींच्याच दारात गेले, तेव्हा तेवढं तुझं खरं आहे.

पुस्तिका वाटल्यावर चार दिवसांत अकरा फोन आले. भाऊजी, तुमचे लोक कसे आहेत हे तुम्हालाही कळावं म्हणून सांगते. एकानं आधी विचारलं, भाकरी चुलीवर येते का. एकाला माझे गुडघे कसे आहेत ते हवं होतं, त्याच्या आईला उचलावं लागतं म्हणे. एकानं घर कुणाच्या नावावर आहे ते विचारलं. एकजण नुसता हसला आणि ठेवून दिला, तो तुमच्यापैकीच कुणी असणार.

बारावा फोन सकाळी पावणेसातला आला. "सकाळी बोलनारा मानूस पायजे आसं वाचलं, म्हनून सकाळीच लावला. चालंल का?" मी म्हटलं चालेल. नाव अमरनाथ. परंड्याचे, एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते, बायको जाऊन पाच वर्षं झाली. मेळाव्याला पुतण्यासाठी आले होते. परत जाताना गाडीत पुस्तिका पहिल्या पानापासून वाचत बसले, सवय म्हणे, वेळापत्रकं वाचायची. ते फार बोलतात. कुठली गाडी कुठल्या साली कुठं बंद पडली ते सगळं सांगतात. पण मी मधे बोलले तर थांबतात, आणि मग विचारतात, "हां, मग पुढं?" हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

अडीच महिने रोज पावणेसातला फोन आहे. दोनदा भेटलो, एकदा त्यांच्या मुलासमोर. त्या मुलाला माझं वय कळल्यावर तो म्हणाला, "बरं झालं, बाबांच्या बसच्या गोष्टी आमाला पाठ झाल्यात." एवढंच.

गेल्या सोमवारी आम्ही नोंदणी कचेरीत लग्नाची नोटीस दिली. तिथल्या फलकावर दोघांची नावं महिनाभर लागतात, कुणाची हरकत असेल तर त्यानं घ्यावी म्हणून. भाऊजी, तुम्हाला घ्यायची असेल तर लेखी द्या, तोंडी चालत नाही असं तिथल्या बाईंनी सांगितलंय. मी मुद्दाम विचारून घेतलं.

२१ मार्चला, शुक्रवारी, सकाळी अकराला सह्या आहेत. तीन साक्षीदार लागतात, ते मिळाले : शेजारची श्रीदेवी, अमरनाथांचे मित्र शांतलिंग आणि अमरनाथांचा मुलगा सोमेश. जेवण श्रीदेवीच्या अंगणात आहे. पुरणपोळी मीच करणार, मला जमतं ते.

शिवांजली, तू दर रविवारी फोनवर रडतेस आणि क्षमा कर म्हणतेस. मी गप्प बसते म्हणजे केली असं समजू नकोस. अजून झालेली नाही. होईल तेव्हा सांगेन, आणि सांगायला पाच मिनिटं पुरणार नाहीत. तू माझी एकच आहेस, ते तर त्या फॉर्मवरही लिहिलं होतं.

शुक्रवारी येणार असलीस तर गुरुवारी सकाळपर्यंत कळव. पंधरा पानांचा अंदाज धरला आहे, त्यात तुझं पान धरलेलं नाही.

वनमाला